क्वेयोचा कोळसा आणि मायांचा काळ

१९७६ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या एका छोट्या निबंधाने माया संस्कृतीचा आरंभ एका दमात हजार वर्षांहून अधिक मागे नेला. उत्तर बेलीझमध्ये ऑरेंज वॉक गावाच्या पश्चिमेला क्वेयो नावाची वसाहत आहे. ज्या कुटुंबाच्या जमिनीवर ती सापडली, त्याचेच नाव तिला मिळाले. नॉर्मन हॅमंड यांच्या चमूने तिथे चुन्याच्या गिलाव्याच्या एकावर एक बसलेल्या जमिनी खणल्या. तळाच्या थरांतल्या कोळशाची कार्बन-१४ मापने केंब्रिज आणि लॉस एंजेलिसच्या प्रयोगशाळांत झाली. सर्वांत जुनी मापने इ.स.पू. २००० च्या आसपास होती आणि अंशांकनानंतर ती इ.स.पू. २५००-२६०० पर्यंत गेली. हॅमंड यांनी या आद्य टप्प्याला ‘स्वेसी’ हे नाव दिले. हे खरे असते, तर मेक्सिकोच्या आखाताकाठचे ओल्मेक लोक सान लोरेन्सोसारखी केंद्रे उभारण्याच्या कितीतरी आधी माया सखल प्रदेशात घडीव मातीची भांडी वापरणारी शेतकरी गावे होती, असे मानावे लागले असते.

आज क्वेयोचा आरंभ इ.स.पू. १२०० च्या आधी कोणी नेत नाही, आणि तोही आणखी अलीकडे आणावा असे म्हणणारे अभ्यासक आहेत. यंत्रे बिघडली नव्हती, प्रयोगशाळांनी आकडेही चुकीचे दिले नव्हते. मग हजाराहून अधिक वर्षांची तफावत आली कुठून? कार्बन-१४ पद्धत नेमके काय मोजते, हे समजण्यासाठी क्वेयोइतके उपयोगी उदाहरण मला दुसरे दिसत नाही.

अवकाशातून येणाऱ्या विश्वकिरणांमुळे वातावरणाच्या वरच्या थरात नायट्रोजनपासून कार्बन-१४ सतत तयार होत असतो. कार्बनच्या सुमारे एक लाख कोटी अणूंत त्याचा एखादा अणू असतो. वनस्पती तो हवेतून घेतात आणि वनस्पतींतून तो प्राण्यांत जातो. जीव मेला की आवक थांबते आणि साठलेला कार्बन-१४ ठरलेल्या गतीने क्षय पावतो. त्याचे अर्धायुष्य सुमारे ५७३० वर्षांचे आहे, म्हणजे ३००० वर्षांनी मूळ प्रमाणाचा साधारण ७० टक्के भाग उरतो. विलर्ड लिबी यांनी शिकागोत ही पद्धत १९४९ मध्ये सिद्ध केली आणि १९६० मध्ये त्यांना नोबेल मिळाले. त्यांनी धरलेले अर्धायुष्य ५५६८ वर्षांचे होते. जुनी आणि नवी मापने ताडून पाहता यावीत म्हणून कच्चे वय आजही त्याच आकड्याने मांडतात आणि ते १९५० पासून मागे मोजतात.

कच्चे वय म्हणजे पंचांगातले वर्ष नव्हे. हवेतले कार्बन-१४चे प्रमाण शतकानुशतके कमी-जास्त होत आले आहे. म्हणून कच्चे वय वृक्षवलयांवर आधारलेल्या वक्रावर बसवावे लागते. यालाच अंशांकन म्हणतात. चार हजार वर्षांच्या आसपासच्या कच्च्या वयात त्यामुळे जवळजवळ पाच शतकांची भर पडते. क्वेयोच्या मापनांना २००० वरून २५०० च्या पुढे नेले ते या दुरुस्तीने. दुरुस्ती योग्यच होती. पण नमुनाच चुकीच्या घटनेचा असेल, तर अंशांकन त्या चुकीलाही इमानाने वर्षांत रूपांतरित करून देते.

माझ्या मते प्रश्नाचे मर्म इथे आहे. कोळशाचे वय म्हणजे लाकडाच्या त्या वलयाने हवेतला कार्बन घेणे थांबवले तो क्षण. जमीन कधी घातली, चूल कधी पेटली, भांडे कधी फुटले, हे कोळसा सांगत नाही. झाडाच्या गाभ्यातले वलय झाड तोडण्यापूर्वी दोनशे वर्षे आधीच बंद झालेले असू शकते. जुने घर उतरवल्यावर त्याची सागवानी तुळई नव्या घराला लावतात, तसे माया लोकही चांगले लाकूड पुन्हा वापरत. शिवाय गिलाव्याखाली घालायची भर आजूबाजूची माती खरवडून आणलेली असते, आणि तिच्यात आधीच्या रहिवाशांच्या, कदाचित मातीची भांडी माहीत नसलेल्या लोकांच्या, शेकोट्यांचा कोळसा मिसळलेला असतो. १९७० च्या दशकात एका मापनाला काही ग्रॅम कार्बन लागे. तेवढा जमवण्यासाठी बारीक तुकडे एकत्र करण्याची वेळ येई, आणि मग निघणारे वय त्यांतल्या कोणत्याच तुकड्याचे नसून सर्वांची सरासरी असे.

पहिली शंका घेतली ती खापरांच्या अभ्यासकांनी. स्वेसीची भांडी चाचपडत केलेली नव्हती. त्यांचा घाट आणि लेप पुढच्या ब्लेडन टप्प्याशी सलग जुळत होता, आणि ब्लेडनची नाती ग्वातेमालातल्या सेइबालच्या इ.स.पू. ९०० च्या सुमाराच्या भांड्यांशी लागत होती. इ.स.पू. २५०० पासूनचा हा लांब कालक्रम मान्य केला तर कुंभारकाम हजाराहून अधिक वर्षे जवळजवळ गोठून राहिले, असे धरावे लागे. दुसऱ्या एका प्रयोगशाळेतून आलेली मापनेही आखूड, म्हणजे अलीकडच्या आरंभाच्या, कालक्रमाकडे झुकली. शेवटी १९९० मध्ये स्वेसीची नवी व्याख्या करणारा निबंध प्रसिद्ध झाला. त्याचे एक लेखक होते खापरांच्या आधारे हरकत घेणारे वायलिस अँड्र्यूज, आणि दुसरे खुद्द हॅमंड. ज्यांनी दावा केला, त्यांनीच तो आपल्या सहीने मागे घेतला. विज्ञानात असे क्षण दुर्मिळ असतात, आणि मला हा क्वेयोच्या उत्खननातला सर्वांत मोलाचा भाग वाटतो.

निकाल लागला तो हाडांवरून. प्रवेगकावर चालणारे वस्तुमानमापक यंत्र क्षयाची वाट न पाहता कार्बन-१४ चे अणू थेट मोजते आणि त्याला मिलिग्रॅमभर कार्बन पुरतो. त्यामुळे ऑक्सफर्डमध्ये क्वेयोच्या दफनांतल्या माणसांच्या हाडांचेच वय काढता आले. १९९१ मध्ये आलेले हे निष्कर्ष आखूड कालक्रमाच्या बाजूने होते. कोळसा दुसरीकडून येऊन मातीत मिसळतो. पुरलेला माणूस मात्र त्या दफनाशी थेट बांधलेला असतो. अर्थात उष्ण दमट जमिनीत हाडातले कोलॅजन फार थोडे उरते. त्यामुळे शुद्धीकरणाची किचकट प्रक्रिया करावी लागली. मक्याचीही अडचण असते. मका इतर बहुतेक झाडांपेक्षा जड कार्बन जास्त प्रमाणात घेतो. कार्बन-१३ मोजून दुरुस्ती केली नाही, तर मक्याचा दाणा खऱ्यापेक्षा सुमारे २४० वर्षांनी तरुण दिसतो, आणि मक्यावर जगलेल्या माणसाच्या हाडातही या चुकीचा वाटा उतरतो.

माया प्रदेशाची भूमी चुनखडीची आहे, म्हणून उलट दिशेचा धोकाही तिथे मोठा. तळ्याच्या पाण्यात विरघळलेल्या चुनखडीतला कार्बन कोट्यवधी वर्षांपूर्वीच कार्बन-१४ गमावून बसलेला असतो. शिंपल्यात किंवा तळ्याच्या गाळात असा ५ टक्के मृत कार्बन शिरला, तर वय चारशे वर्षांनी वाढते. उलट ३००० वर्षांच्या नमुन्यात १ टक्का आधुनिक कार्बन मिसळला, तर फरक पडतो जेमतेम ३५ वर्षांचा.

पद्धतीची खरी कसोटी मात्र माया लोकांनी स्वतः तारखा कोरलेल्या ठिकाणी लागते. तिकालच्या पहिल्या मंदिराच्या दारावरच्या लाकडी पट्ट्या चिकूच्या लाकडाच्या आहेत. आज डहाणू-घोलवडच्या वाड्यांत उभा असलेला हाच तो वृक्ष, मूळचा मध्य अमेरिकेतला. त्या पट्ट्यांवरच्या माया तारखा युरोपीय कालगणनेत कशा बसवायच्या यावर जुना वाद होता. गुडमन, मार्टिनेझ आणि थॉम्पसन यांची जुळणी एक आणि स्पिंडन यांची दुसरी. दोन्हींत सुमारे २६० वर्षांचे अंतर. १९५० च्या दशकातली काही आरंभीची मापने स्पिंडनच्या बाजूने गेली. सावकाश वाढणाऱ्या चिकूच्या आतल्या वलयांमुळे वय असे फुगू शकते. पुढे पेनसिल्वेनिया विद्यापीठाच्या लिंटन सॅटर्थवेट आणि एलिझाबेथ राल्फ यांनी अनेक नमुने मोजून कौल थॉम्पसनकडे वळवला. २०१३ मध्ये डग्लस केनेट आणि सहकाऱ्यांनी एकाच पट्टीतून आतून बाहेर ओळीने नमुने घेतले. उष्ण कटिबंधातल्या झाडांत वलये स्पष्ट नसतात, म्हणून लाकडातल्या कॅल्शियमच्या वार्षिक चढउतारावरून वाढीचा वेग ठरवला. कोरीवकाम इ.स. ६५८ ते ६९६ च्या दरम्यानचे निघाले. तिकालचा राजा हसाव चान कविल याने कालाकमुलवर मिळवलेला, त्या पट्टीवर नोंदलेला विजय थॉम्पसन जुळणीनुसार इ.स. ६९५ मध्ये येतो. हा निर्णय केवळ तिकालपुरता नाही. माया प्रदेशातल्या शेकडो शिलालेखांची वर्षे याच जुळणीवर टेकलेली आहेत, आणि अवर्षणाच्या नोंदींशी त्यांची सांगड घालायची तर २६० वर्षांची चूक परवडणारी नव्हती.

कोरलेल्या तारखांपूर्वीच्या काळात मात्र असा आधार नसतो. त्यातच इ.स.पू. ८०० ते ४०० च्या दरम्यान अंशांकनाचा वक्र जवळजवळ सपाट होतो, म्हणजे तीन-चार शतकांतले वेगवेगळे नमुने एकच कच्चे वय देतात. क्वेयोसारखी गावे वाढली ती नेमकी याच काळात. यावर मुख्य उपाय असा: कोणता थर कोणाच्या वर आहे आणि कोणते खापर कोणाच्या आधीचे आहे, ही उत्खननातली माहिती बेजच्या संख्याशास्त्राने मापनांशी बांधायची. ताकेशी इनोमाता यांच्या चमूने सेइबालला १५४ मापने अशी बांधली आणि २०१७ मध्ये तिथल्या उदयास्ताचा तपशील मांडला. इ.स.च्या आरंभीच्या शतकांतली पडझड आणि नवव्या शतकातली पडझड त्यात वेगवेगळी दिसते.

त्याच चमूला ताबास्कोतल्या आग्वादा फेनिक्सला सुमारे १४०० मीटर लांबीचा मातीचा प्रचंड चौथरा सापडला. ६९ मापनांवरून त्याचे बांधकाम इ.स.पू. १००० ते ८०० च्या दरम्यानचे ठरले. सेइबालच्या सार्वजनिक चौकाचा आरंभही इ.स.पू. ९५० च्या आसपासचा. लोक अजून पुरते स्थिरावलेले नसताना, राजे आणि राजवाडे यांच्या कितीतरी आधी, मोठी सामूहिक बांधकामे झाली, असे आता दिसते. ही मांडणी उभी आहे ती इ.स.पू. १००० च्या आगेमागे दोन-तीन पिढ्यांत काय आधी घडले आणि काय नंतर, या क्रमावर. क्वेयोचा जुना कोळसा प्रमाण मानला असता, तर स्थिर खेडी या चौथऱ्यांच्या दीड हजार वर्षे आधीची ठरली असती, आणि हा क्रमच उलटा वाचला गेला असता.