फरासाची चाकरी

मार्च सरता सरता मनीषनगरात गच्च्यांवर आणि दुकानांपुढे हिरवी जाळी चढू लागते, तशी ती साऱ्या नागपुरात चढते. अलीकडे तर चौकात सिग्नलला थांबलेल्या दुचाकीस्वारांच्या डोक्यावरही ती ताणलेली असते. ज्या शहरात २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला, तिथे सावलीला हौस कोण म्हणेल? म्हणून महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण आणल्यावर ज्या मोटारघरांची चर्चा सुरू झाली, त्यांच्या कुशीला गुंडाळून बसवलेले कापडी छत नागपूरकराला परके वाटायचे कारण नाही. बटण दाबले की कापड नळीवरून उलगडते, दोन्ही बाजूंचे हात पसरतात आणि दाराबाहेर हातभर का होईना, ओसरी मिळते. जाहिरात इथेच संपते. पण सावली उघडणे हे अर्धेच काम झाले. ती वेळेवर आणि नीट आवरणे हे उरलेले अर्धे, आणि तेच जास्त अवघड. फिरत्या सावलीचा गेल्या चारशे वर्षांचा इतिहास पाहिला तर कापडापेक्षा जास्त बदल झाला आहे तो हे अर्धे काम करणाऱ्या माणसात, असे माझे म्हणणे आहे.

पुरावा अबुल फझलच्या ‘ऐन-इ-अकबरी’पासून घ्यावा. बादशाही तळाच्या एका संचाची वाहतूक करायला १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाडे आणि १०० हमाल लागत, असे तो नोंदवतो, आणि त्याच दमात १,००० फरास, म्हणजे तंबू उभारणारे आणि आवरणारे. शिवाय ५०० बेलदार, १०० भिस्ती, ३० चर्मकार, १५० झाडूवाले. संच दोन असत. बादशहा एका तळावर मुक्कामाला असतानाच दुसरा पुढच्या मुक्कामी उभा होऊ लागे. या यादीत शामियाना किती गज लांब हे वाचून आपण थक्क होतो, पण डोळ्यांत भरायला हवा तो हजार माणसांचा आकडा. त्या मानाने कापड स्वस्तच म्हणायचे. मराठ्यांच्या राज्यातही अठरा कारखान्यांत फरासखान्याला जागा होती: तंबू, कनाती, राहुट्या, बिछायती सांभाळायच्या, उसवलेले शिवायचे, वाळवायचे, घड्या घालून ठेवायचे. पुण्यातल्या फरासखाना पोलीस चौकीपुढून रोज जाणाऱ्यांना हा शब्द कुठून आला याचा पत्ता नसतो, ही गोष्ट वेगळी. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा १७४१ पासून दहा वर्षे बंगालवर जात राहिल्या. १७४२ चा पावसाळा त्यांचे सेनानी भास्करपंत यांनी बंगालमधल्या कटव्याला तळ देऊन काढला. दसऱ्याला सीमोल्लंघन करायची रीत पडली ती मुख्यतः नद्यांचे पाणी आणि वैरण यांच्या हिशेबाने, हे खरे. पण ओला तंबू कोरड्यापेक्षा कितीतरी जड होतो आणि तसाच घडी घातला तर कुजतो, हे ज्याला ठाऊक नाही त्याने फौज नेलीच नसेल.

इंग्रजी अमदानीत १८६१ साली मध्य प्रांत झाला आणि नागपूर त्याची राजधानी. थंडीचे महिने साहेब दौऱ्यावर, त्यांचे दफ्तर तंबूत, तंबू बैलगाड्यांवर आणि उंटांवर. तंबू ठोकणाऱ्याला तेव्हा सर्रास खलाशी म्हणत. १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशात या शब्दाखाली तंबू ठोकणारा, मोजणीची साखळी धरणारा आणि जहाजावरचा खलाशी असे तिघेही एकत्र नांदतात. मला यात मोठा अर्थ दिसतो. शिडाचे कापड आणि तंबूचे कापड यांना विद्या एकच लागते: वारा कुठून येतो, दोर किती ढिला ठेवायचा, कोणती गाठ एका हिसक्यात सुटते. हेच पद पुढे रेल्वेतही रुजले. मनीषनगरच्या शेजारी अजनीसारख्या रेल्वे वसाहतीत, समुद्रापासून शेकडो मैलांवर, खलाशी राहिले ते याच वाटेने आलेल्या शब्दामुळे.

यावर कोणी म्हणेल, की हा सगळा बादशहांचा, सरदारांचा आणि साहेबांचा इतिहास झाला. सामान्य माणसाने कधी फरास ठेवला? आक्षेप रास्त आहे, पण त्याने माझे म्हणणे मोडत नाही, उलट त्याची दुसरी बाजू पुढे येते. विदर्भातल्या बंडीवर बांबूच्या कमच्या वाकवून टप करत, वर जे मिळेल ते पांघरूण. मीठ-धान्य वाहणारे बंजाऱ्यांचे तांडे, गाडीवर संसार घेऊन फिरणारे गाडीलोहार, गावाबाहेर पाल ठोकून राहणारी कितीतरी माणसे: यांच्याकडे सावलीखाली बसणारा आणि सावली आवरणारा एकच होता. त्याचा परिणाम कापडावर दिसतो. पाल लहान असते, ठिगळांनी भरलेली असते, एका माणसाला एका दमात काढता येईल एवढीच असते. मोठे छत हे नेहमीच दुसऱ्याच्या श्रमावर उभे राहिले. स्वतः आवरणाऱ्याने आपल्या हातांच्या मापाचेच छत केले. ताडपत्री या शब्दात तर ताडाचे पान अजून शाबूत आहे. ते पान फाटले की फेकता येत होते, त्यामुळे आवरायचा प्रश्नच नव्हता!

दुसरा आक्षेप अधिक धारदार आहे. आता मोटर आहे, वाऱ्याचा झोत ओळखून कापड आपोआप गुंडाळणारा सेन्सर आहे. मग फरास कशाला हवा? मोटरने काय हलके केले ते आधी पाहू. तिने ताकदीचे काम घेतले, पारखीचे घेतले नाही. समजा छत तीन मीटर लांब आणि अडीच मीटर रुंद आहे. त्याच्या पोटात एक सेंटिमीटर पाणी साचले तर ७५ किलो झाले, आणि तेवढे वजन त्या दोन बारीक हातांवर. म्हणून एक कोपरा मुद्दाम खाली ठेवून पाण्याला वाट द्यावी लागते. जुन्या फरासाने कनातीच्या दोराशी हेच केले असते. वैशाखात दुपारी उकाडा दाटतो आणि संध्याकाळी वावधन सुटते, तेव्हा सेन्सर कापड आत घेईल, पण त्यावर पडलेली निंबाची पाने, काड्या आणि धूळ यांसह घेईल. पाऊस सुरू झाला असेल तर ओलेच घेईल. आणि छत उघडे टाकून फाट्यावर चहा प्यायला जाणाऱ्याच्या छताचे हात वाकले, तर त्यात यंत्राचा दोष फारसा नसतो.

कापडाचे प्रकारही फरासाला विचारल्याखेरीज निवडू नयेत असे आहेत. व्हिनाइलचे पाणी अडवते, पण गुंडाळीत दमट राहिले की त्यावर बुरशीचे काळे ठिपके उठतात. विणलेले ॲक्रिलिक हवा खेळू देते आणि लवकर वाळते, पण मुसळधारेत तळहात लावला की तिथून पाझरू शकते. दोन्हींना सौम्य साबण, मऊ ब्रश आणि भरपूर पाणी पुरते. ब्लीचने डाग जातो आणि त्याच्याबरोबर शिवणीचा दोराही. नागपूरकराला यातले काही शिकवायला नको. कूलरची खस दर उन्हाळ्यापूर्वी बदलायची, टाकी घासायची, पावसाळ्यात कूलर झाकून ठेवायचा, ही कामे इथे घरोघर चालतात. वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारायला साहेबाने माणूस ठेवला होता. कूलरच्या पंपाने त्या माणसाचे काम घेतले आणि उरलेले घरातल्या कोणावर तरी येऊन पडले. मोटारघराच्या छताचे तसेच होणार. मृगाच्या सरीत घाईने ओले गुंडाळलेले छत उघडीप मिळाली की पुन्हा उघडायचे, तिरके करायचे, आणि आतली घडी बोटाला कोरडी लागेपर्यंत गाडी तिथेच उभी ठेवायची.