वाकडा टाका, नीट ठिगळ

कोल्हापूरच्या खेड्यापाड्यांत जिला वाकळ म्हणतात, तिला इतर ठिकाणी गोधडी म्हणतात आणि आमच्या घरातल्या दखनी बोलीत गुदडी. गुदडी या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक म्हणजे जुन्या कापडांचं पांघरूण, आणि दुसरा म्हणजे फकिराच्या अंगावरचं ठिगळांचं वस्त्र. त्यामुळे गुदडीचा इतिहास शोधायला निघालं की एक वाट माजघरात जाते आणि दुसरी खानकाहमध्ये. दोन्ही ठिकाणी वाकड्या टाक्यांवर लोक मनसोक्त हसले आहेत. त्या हसण्यात शिकण्यासारखं बरंच आहे.

आधी खानकाहकडे जाऊ. लाहोरला ज्यांची मजार आहे ते हजरत अली हुजविरी, म्हणजे दाता गंजबख्श, अकराव्या शतकातले. त्यांचा फारसी ग्रंथ ‘कश्फुल महजूब’ तसव्वुफवरच्या सगळ्यात जुन्या ग्रंथांपैकी एक मानला जातो. या ग्रंथात ठिगळांच्या वस्त्रावर, म्हणजे मुरक्कावर, एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात चक्क शिवणकामाचा वाद येतो. काही सूफींचं म्हणणं, सुई जिथून डोकं वर काढेल तिथून ओढावी, टाक्यांचा हिशेब ठेवू नये. दुसरे म्हणत, टाका सरळच हवा, कारण ज्याचं काम नीट त्याचं मनही नीट. हुजविरी दोन्ही बाजू मांडतात आणि मधेच एका म्हाताऱ्या दरवेशाची गोष्ट सांगतात. त्याच्या टोपीवर आणि जानमाजवर ठिगळांची इतकी बेफिकीर चळत झाली होती, की त्यात विंचवांनी पिल्लं घातली! एवढ्या गंभीर ग्रंथात हे वाचून हसू येतं, आणि लेखकालाही वाचकाने हसावंसंच वाटलं असणार.

पुढचा किस्सा त्याहून मोलाचा आहे. तूसमध्ये हुजविरींनी शेख अबुल कासिम गुरगानींना विचारलं, दरवेशाला कमीत कमी काय यायला हवं? शेख म्हणाले, तीन गोष्टी: ठिगळ नीट लावता यावं, बोलणं नीट ऐकता यावं आणि जमिनीवर पाऊल नीट टाकता यावं. तिथे आणखी काही दरवेश होते. बाहेर पडल्यावर त्यांतल्या काहींना ही सोपी युक्ती फारच आवडली. झालं, सुंदर ठिगळं आणि ऐटदार पावलं यांचीच धांदल सुरू झाली. हुजविरींनी मग अर्थ उलगडून सांगितला. त्याचा आशय असा की ठिगळ गरजेपोटी लावलेलं असेल, मिरवण्यासाठी नसेल, तर ते वाकडं शिवलं गेलं तरी नीटच आहे.

मला हा निकाल फार शहाणपणाचा वाटतो. तो वाकड्या टाक्याची तरफदारी करत नाही. मिरवायचंच असेल तर माणूस वाकडा टाकाही मिरवू शकतो. निकाल एवढंच विचारतो, की हे शिवलं कशासाठी? इमाम मालिक यांच्या ‘मुवत्ता’मध्ये हजरत अनस (रजि.) यांची रिवायत आहे, की खलिफा असताना हजरत उमर (रजि.) यांच्या खांद्यांमध्ये एकावर एक अशी तीन ठिगळं होती. ती सरळ होती की वाकडी, हे नोंदवावं असं कुणाला वाटलेलं दिसत नाही.

आता माजघराकडे येऊ. आमच्याकडे कापूस पिंजून गादी आणि रजई भरणारे नदाफ-पिंजारी असतात. तो पेशा आहे. काम बिघडलं तर गिऱ्हाईक पैसे कापतं. वाकळ मात्र पूर्वापार घरातली. जुनं लुगडं, धोतर, आत फाटक्या कापडांचे थर आणि वरून धावदोरा. उन्हाळ्यात शेतीची कामं उरकली की अंगणात, नाहीतर सोप्यात वाकळ पसरायची आणि शेजारणींनी चारही बाजूंनी बसायचं. मोजपट्टी नाही, आखणी नाही. मग घोटाळे होणारच.

हे घोटाळे ठरलेले असतात. कच्चे टाके न घालता शिवायला घेतलं की आतला थर सरकतो आणि मधोमध टेंगूळ येतं. जुन्या मऊ कापडाशेजारी नवंकोरं सुती कापड जोडलं, तर पहिल्या धुण्यात नवं आटतं आणि जुनं चुणीदार होतं. लाल तुकड्याचा रंग सुटतो आणि सगळी वाकळ गुलाबी होते. चौघींचे हात वेगवेगळे. कुणाचा टाका गव्हाएवढा, कुणाचा बोटभर. एक बाजू ताणली जाते, दुसरी ढिली राहते आणि चौकोनाचा पतंग होतो. आमच्या गल्लीत अशा एका वाकळीला, “अगे, ये गुदडी है के जोतिबा का डोंगर?” अशी दाद मिळालेली मी ऐकली आहे. जिचं काम होतं ती सगळ्यात मोठ्याने हसली. चेष्टा करणारीने हसता हसताच सुई उचलली आणि टेंगळाच्या भोवती चार ओळी जास्त घालून ते दाबून टाकलं. ही वाकळ वापरात आली आणि डोंगर हे तिचं नाव पडलं.

कोल्हापुरातून बेळगाव ओलांडून हल्याळ, यल्लापूर, मुंडगोडच्या जंगलपट्टीत गेलं, की सिद्दी बायांची कवंदी भेटते. आफ्रिकेतून आणल्या गेलेल्या लोकांचे हे वंशज. त्यांच्यात मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत, हिंदूही आहेत. कवंदी कडेपासून सुरू होते आणि तुकडे जोडत जोडत मध्यावर पोचते. नकाशा नसतो. तुकडा अपुरा पडला तर दुसरा लावायचा, तिरका बसला तर पुढचा त्याला जुळवून कापायचा. शेवटी चारही कोपऱ्यांवर दुमडलेल्या कापडाची फुलं हवीतच. ती नसतील तर कवंदी उघडी राहिली असं बाया म्हणतात. अमेरिकी अभ्यासक हेन्री ड्र्युअल यांच्या पुढाकाराने या कवंद्या 2011 साली न्यूयॉर्कच्या शॉम्बर्ग सेंटरमध्ये भिंतीवर लागल्या. जे तिरकं बसलं म्हणून जुळवून घेतलं होतं, त्यालाच तिथे कला म्हणून दाद मिळाली.

इथे एका लाडक्या गैरसमजाची चिंधी उसवायला हवी. परिपूर्ण फक्त अल्लाह, म्हणून मुसलमान कारागीर गालिच्यात मुद्दाम एक गाठ चुकवतात, असं नेहमी ऐकायला मिळतं. अमेरिकेत आमिश बायांच्या गोधड्यांबद्दलही हेच सांगतात आणि गोधड्यांचे अभ्यासक तिथे ती लोककथा मानतात. जरा विचार करा. चूक मुद्दाम करावी लागते, याचा अर्थ बाकी काम निर्दोष आहे असा दावा झाला. ही कसली नम्रता? वाकळीजवळ बसलेल्या कुठल्याही बाईला विचारा. चूक व्हायला नियत बांधावी लागत नाही, ती बोलावल्याशिवाय येते.

याच्या उलट टोकाला आहे ते उसवणं. सूरह नहलच्या 92व्या आयतीत, मजबूत कातलेलं सूत स्वतःच तोडून टाकणाऱ्या बाईचा दाखला येतो. विषय दिलेला शब्द मोडण्याचा आहे, पण दाखला सुताचा निवडला आहे. मक्केत अशी एक बाई होती, असं मुफस्सिर सांगतात. मला ती ओळखीची वाटते, कारण हल्ली ती पुष्कळ घरांत असते. मोबाइलवर मशीनची रेघ पाहायची, आपल्या हातची ओळ पाहायची, सगळं उसवायचं आणि शेवटी डबा माळ्यावर टाकायचा.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते, म्हणून हा फरक मला रोज दिसतो. घरी दखनी बोलणारी मुलगी मराठीत निबंध लिहिते तेव्हा कुठेतरी लिंग चुकतं, कुठेतरी उर्दू शब्दाचं ठिगळ लागतं. त्यावर दोन तऱ्हेने हसता येतं. एका हसण्यानंतर पोरगी वही मिटते आणि वर्षभर तोंड उघडत नाही. दुसऱ्या हसण्यानंतर कुणीतरी सरकून जागा करून देतं आणि चार ओळी सोबत लिहितं. वाकळीभोवतीचं हसणं या दुसऱ्या जातीचं होतं. ते करणाऱ्याच्या हातात सुई असायची.

घरात एखादी बेढब वाकळ घडी करून ठेवलेली असेल, तर थंडी पडण्याआधी एकदा उन्हात टाका. तिच्यातलं टेंगूळ कुणामुळे आलं, हे घरातल्या थोरल्या बाईला विचारा. ती आधी हसेल, मग शिवायला कोण कोण बसल्या होत्या ते एकेक नाव घेऊन सांगेल.