फळासाठी झाडाची कोंडी

नारायण पेठेतून मंडईकडे जाणाऱ्या गृहस्थास एक गोष्ट परिचयाची असते. नागपुरी संत्री वर्षातून दोनदा बाजारात येतात. एकदा दिवाळीच्या सुमारास आणि पुन्हा उन्हाळ्याच्या तोंडाशी. हा केवळ निसर्गाचा क्रम नव्हे. त्यात माणसाच्या हाताचाही मोठा भाग आहे. झाडाच्या वाढीस योग्य वेळी लगाम घातला म्हणजे ते अधिक फळते, हे मर्म बागाईतदारांनी फार पूर्वी ओळखले.

या लगामाचा एक प्रकार म्हणजे खोडाची किंवा फांदीची साल वलयाकार काढणे. इटलीतील वैद्य मार्चेल्लो माल्पीगी याने असे वलय कापून पाहिले. त्याचा वनस्पतिरचनेवरील ग्रंथ १६७५ व १६७९ साली दोन भागांत प्रसिद्ध झाला. वलयाच्या वरची कड फुगते, खालची फुगत नाही, हे त्याने दाखविले. कारण उघड आहे. मुळांनी शोषलेले पाणी लाकडातून वर चढते; पानांनी तयार केलेली साखर मात्र आतल्या सालीतून खाली उतरते. वाट तुटली की ती साखर वरच अडते व फळांच्या वाट्यास येते. त्यामुळे कोवळ्या फळांची गळ कमी होते व ती पोसतात. स्पेनमध्ये संत्रावर्गीय झाडांवर ही रीत चालते. आपल्याकडे नाशिकच्या द्राक्षबागांत मणी फुगावेत म्हणून ती योजितात.

विदर्भातील संत्र्याची जुनी रीत निराळी. नागपूरकर दुसरे रघूजी भोसले यांनी औरंगाबादेहून ही झाडे आणविली, असे परंपरेने सांगतात. तेथे मृगबहारासाठी ऐन उन्हाळ्यात बागेचे पाणी तोडतात. यालाच ‘ताण देणे’ म्हणतात. पाने मलूल होतात, काही गळतात. पुढे मृगाचा पाऊस पडताच नव्या पालवीबरोबर फुले येतात. दख्खनेत खोडाभोवतीची माती काढून मुळ्याही उघड्या करीत. येथे साल कापली जात नाही. पण तत्त्व तेच, वाढ थोपवून फळ मिळविणे.

या दोन्ही उपायांत सर्व मदार मापावर आहे. वलय अगदी अरुंद असावे आणि चाकू लाकडास लागू नये. म्हणजे काही आठवड्यांत जखम भरते. वलय रुंद झाले तर मुळे उपाशी राहून झाड मरते. शिवाय लिंबूवर्गीय झाडाच्या उघड्या जखमेतून डिंक्या रोग शिरण्याचे भय असते. ताणाचेही तसेच. हलक्या जमिनीस थोडे दिवस पुरतात, भारी काळ्या जमिनीस अधिक लागतात. आधीच दुबळ्या झाडास तो सोसत नाही. नागपूर येथे लिंबूवर्गीय फळांचे राष्ट्रीय संशोधन केंद्र १९८५ साली निघाले, ते अशाच प्रश्नांच्या अभ्यासासाठी.

संत्र्याचे कलम फळास येण्यास पाच-सहा वर्षे लागतात, पुढे ते कित्येक वर्षे फळते. एका बहाराच्या लोभाने ते गमावणे परवडत नाही. म्हणून जाणता बागाईतदार आधी झाडाची प्रकृती पाहतो आणि मगच पाण्याचा पाट बंद करतो.