कावासाकींनीं ओळखलेला बालज्वर

१९६१ सालच्या जानेवारींत टोकियोच्या रेड क्रॉस रुग्णालयांत ४ वर्षांचा एक मुलगा आला. तीव्र ज्वर, लाल डोळे, फुटलेले ओठ, अंगावर पुरळ. निदान कांहीं होईना. डॉ. तोमिसाकु कावासाकी यांनीं तो रोगी ध्यानांत ठेविला आणि १९६७ सालीं अशा ५० मुलांची हकीकत प्रसिद्ध केली.

हा ताप आपोआप उतरतो, सबब तो निरुपद्रवी, असा प्रथम समज होता. परंतु बरीं झालेलीं कांहीं मुलें अकस्मात् दगावलीं. शवविच्छेदनांत हृदयाला रक्त पुरविणाऱ्या धमन्या फुगलेल्या व गुठळ्यांनीं बुजलेल्या आढळल्या. कुंपणानेंच शेत खावें तसें येथें घडतें: रोगजंतूंशीं झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशीच धमनीच्या भिंतींत शिरतात, आधीं न्यूट्रोफिल, मागाहून लिंफोसाइट व मॅक्रोफेज, आणि भिंतीचा लवचिक पडदा नष्ट करितात.

१९८४ सालीं फुरुशो व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दात्यांच्या रक्तांतील प्रतिपिंडें शिरेवाटे देऊन धमन्यांची ही हानि टाळतां येते, असें दाखविलें. उपचाराविना ४ मुलांपैकीं सुमारें एकाच्या धमन्या बाधतात. पहिल्या १० दिवसांत उपचार झाल्यास १०० पैकीं सुमारें पांचांच्याच. म्हणून वेळेवर ओळख हेंच खरें औषध. पेशींना प्रथम कोण चिथावितो, हें कोडें मात्र २०२० सालीं कावासाकी निवर्तले तेव्हांही सुटलेलें नव्हतें.