लॉडविकसाहेबाचा स्तंभ



आपल्या पोलादपुराहून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वराला गेलेला मनुष्य एकदा तरी लॉडविक पॉइंटावर जातोच. तेथे एक स्तंभ उभा आहे. बहुतेक लोक त्याच्याकडे पाठ करून प्रतापगडाकडे पाहत राहतात, आणि त्यात त्यांचे काही चुकते असे मी म्हणणार नाही. पण त्या स्तंभावर एका इंग्रज बापलेकांची हकीकत कोरलेली आहे. ती वाचावी, आणि तिच्यात काय गाळले आहे तेही पाहावे.

पीटर लॉडविक हा इंग्लंडातील एसेक्स परगण्यातल्या जॉन लॉडविक नावाच्या गृहस्थाचा दुसरा मुलगा. १७९९ साली, म्हणजे मिसरूड फुटण्याच्या वयात, तो कंपनी सरकारच्या नोकरीत शिरला. १८०३-०४ मध्ये वेलस्लीच्या फौजेबरोबर मोहिमेत होता. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीच्या लढाईत ब्रिगेड मेजर म्हणून हजर होता. पेशवाई बुडताना पाहिलेल्यांपैकी हा एक. पुढे १८२४ साली साताऱ्यास असताना तो या डोंगरावर चढला. घनदाट रानातून कित्येक तास वाट काढीत आपण एकटेच या टोकावर पोहोचलो, असे त्याचे म्हणणे. आणि या डोंगरावर पाऊल ठेवणारा पहिला युरोपियन म्हणून स्तंभावर त्याचा गौरव केलेला आहे.

युरोपियन हा शब्द लेखात आहे, हे ध्यानात ठेवा. तो प्रामाणिकपणे घातलेला आहे. आपणच तो गाळतो आणि ‘महाबळेश्वराचा शोध साहेबाने लावला’ असे मुलांना सांगतो! अहो, १६६५ साली जिजाऊसाहेबांची सुवर्णतुला क्षेत्र महाबळेश्वरी झाली. १६५६ साली शिवाजीमहाराजांनी जावळी घेतली आणि १६५९ साली अफजलखान पारावरून प्रतापगडाच्या पायथ्याशी आला. आपली सावित्री तिथल्याच देवळातून निघते, असे आपण मानतो. तिच्या उगमाला जाणाऱ्या यात्रेकरूला कोणी शोधक म्हणत नाही. शिवाय त्या रानात माणसे राहत होती. कुणबी होते, कोळी होते, धनगर होते. आणि डोंगरातला दगड कोळशावर वितळवून लोखंड काढणारे धावड होते. पुढे जंगल राखीव झाले, कोळसा मिळेना, आणि त्यांच्या भट्ट्या विझल्या.

लॉडविकने हवेची वाखाणणी केली आणि इतर साहेबांचे लक्ष तिकडे गेले. सर जॉन माल्कम गव्हर्नर झाल्यावर १८२९ साली प्रतापसिंह महाराजांकडून ही जागा वाईकडील खंडाळा गावाच्या बदल्यात घेण्यात आली आणि माल्कमच्या नावाची पेठ वसली. १८७६ साली आंबेनळीचा गाडीरस्ता पुरा झाला, तेव्हा बोटीने दासगाव बंदरात उतरायचे आणि महाड-पोलादपूरवरून वर चढायचे, अशी मुंबईकरांची सोय झाली. साहेबांची थंड हवा आपल्या दारावरून गेली, ती अशी.

लॉडविकची कारकीर्द साताऱ्याच्या रेसिडेंटपदावर संपली. स्तंभावर एवढाच उल्लेख आहे, आणि खरी गोष्ट तर इथेच आहे. १८३६ साली प्रतापसिंह महाराजांवर कंपनीच्या शिपायांना फितविल्याचा आळ आला. चौकशीस तिघे बसले: विलोबी, ओव्हान्स आणि लॉडविक. बंद दाराआड चाललेल्या त्या चौकशीच्या निकालावर लॉडविकची सही आहे. १८३७ मध्ये त्याच्या जागी ओव्हान्स आला, आणि ५ सप्टेंबर १८३९ रोजी महाराज पदच्युत झाले. त्यांना काशीस पाठविण्यात आले.

आता विलायतेतला भाग ऐका. रंगो बापूजी गुप्ते आपल्या धन्याची कैफियत घेऊन लंडनात गेले आणि वर्षानुवर्षे तिथे खेटे घालीत राहिले. कंपनीच्या भागीदारांच्या सभेत महाराजांची बाजू मांडणारे जे थोडे इंग्रज निघाले, त्यांत हा लॉडविकही होता. ज्याने सही केली तोच माणूस! त्याला मी थोर म्हणत नाही. अधिकारावर असताना बोलला असता तर त्या बोलण्याला वजन आले असते. पण पेन्शन घेऊन गप्प बसणे सोपे होते आणि ते त्याने केले नाही, हेही नोंदविले पाहिजे.

तो हिंदुस्थानात राहिला नाही. कंपनीचे लोक येथे घर बांधीत ते बहुधा उन्हाळ्यापुरते. २८ ऑगस्ट १८७३ रोजी फ्रान्समधील बान्येर द बिगोर या गावी, नव्वदीत, त्याला मरण आले. त्याचा एकुलता एक मुलगा आर. डब्ल्यू. लॉडविक मुंबई इलाख्याच्या मुलकी नोकरीतला, त्या वेळी मद्रासेस अकौंटंट जनरल होता. त्याने सरकारची परवानगी घेऊन १८७४ साली हा स्तंभ उभारला. पूर्वी त्या टोकाला सिडनी पॉइंट म्हणत. सरकारी हुकुमाने ते लॉडविक पॉइंट झाले. बापाच्या मोहिमा, पदे, रानातली चढण, सारे मुलाने दगडावर कोरविले. साताऱ्याच्या राजाचे नाव मात्र त्यात नाही. प्रतापसिंह महाराज १८४७ सालीच काशीस वारले होते.