सेवाव्रत आणि हक्क : परिचारिकांच्या इतिहासातील एक पान

परिचारिकेविषयी बोलताना आपण ‘सेवाव्रत’ हा शब्द फार सहज वापरतो. व्रत म्हटले की वेतनाचा वा सुरक्षिततेचा प्रश्न काढणे अप्रशस्त ठरते. म्हणूनच तो शब्द समाजाला सोयीचा वाटत असावा. परिचारिका स्वतः आपल्या कामाकडे कशा पाहत आल्या, हे त्यांच्या कृतींवरूनच ताडावे लागते.

महाराष्ट्रात या व्यवसायाला प्रतिष्ठा सहजासहजी लाभली नाही. १९०९ साली रमाबाई रानडे व गोपाळ कृष्ण देवधर यांनी पुण्यात सेवासदन उभारले आणि पुढे ससून रुग्णालयात स्त्रियांच्या परिचर्या-शिक्षणाची सोय झाली. परक्या देहाची शुश्रूषा कुलीन घरच्या विधवेने करावी, ही कल्पनाच त्या काळी धाडसाची होती. १९४६ च्या भोर समितीने तर देशात सुमारे ४३,००० लोकांमागे एकच परिचारिका असल्याचे नमूद केले.

या व्यवसायनिष्ठेचा कस लागला तो मुंबईत, परळच्या के. ई. एम. रुग्णालयात. कर्नाटकातील हळदीपूरची अरुणा शानबाग तेथे परिचारिका होती. आपल्यासारखीच घर सोडून परप्रांती नोकरीस आलेली. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच एका सफाई कामगाराने तिच्यावर पाशवी हल्ला केला. मेंदूला झालेल्या इजेतून ती पुन्हा कधीच सावरली नाही. तेव्हा मुंबईच्या परिचारिकांनी संप केला. अरुणाची नीट व्यवस्था लावा आणि आमची कामाची परिस्थिती सुधारा, अशा दोन्ही मागण्या त्यांनी एकत्रच मांडल्या. सेवा व हक्क यांत त्यांना विरोध दिसला नाही. तो आपल्यालाच दिसतो. पुढे १९८० च्या दशकात महापालिकेने अरुणाला अन्यत्र हलवून खाट मोकळी करण्याचा दोनदा घाट घातला, तोही परिचारिकांनी हाणून पाडला.

बेचाळीस वर्षे हे चालले. तिला कधी चालता-बोलताना न पाहिलेल्या नव्या मुली रुजू होत, तिला भरवीत, अंग पुशीत, कूस बदलीत. इतक्या वर्षांत तिला एकही शय्याव्रण झाला नव्हता, हे सर्वोच्च न्यायालयासमोर आले. अंथरुणाला खिळलेले माणूस ज्यांनी घरी सांभाळले आहे, त्यांना याचा अर्थ उमजेल. ७ मार्च २०११ रोजी दयामरणाची याचिका फेटाळताना न्यायालयाने तिचे खरे सुहृद म्हणून के. ई. एम. च्या सेवकवर्गालाच मान्यता दिली. दयामरणाविषयी सुज्ञांत मतभेद आहेत व राहतील. त्या वादात आम्ही येथे शिरत नाही.

१८ मे २०१५ रोजी अरुणाचे निधन झाले. तिच्यासोबत पाळी केलेल्या परिचारिका तोवर केव्हाच सेवानिवृत्त झाल्या होत्या.