मध्यरात्रीचे नागपूर

हवाई टॅक्सींचे ताफे शहरांवर फिरू लागले, तर कोणते विमान कधी व कोठे सोडायचे, हा प्रश्न नवा वाटतो. आपल्याकडे तो १९४९ सालीच उभा राहिला होता.

वरवट बकाल तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडात होते आणि या प्रांताची राजधानी होती नागपूर. ३० जानेवारी १९४९ रोजी रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला उतरत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि आपापल्या शहरी परतत.

चार शहरे परस्परांशी थेट जोडायला सहा मार्ग लागतात. मध्ये नागपूर घेतले की चार पुरतात. दहा शहरांसाठी हेच आकडे ४५ व १० होतात. विद्यार्थ्यांना रेषा काढून मोजू द्यावे.

पण एक विमान रखडले तर? इतर तिन्ही थांबली, तर सर्वांचेच टपाल उशिरा. निघाली, तर एका शहराची पत्रे दिवसभर मागे. संगणक आज वेळापत्रक क्षणात मांडील. पण कोणी कोणासाठी किती थांबायचे, हा नियम त्याला आधी आपणच सांगायला हवा.